श्वासाचे औषध श्वासावाटेच द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दमेकऱ्यांना दोन्ही पंप व स्पेसर बारमाही मिळण्याबाबत.

महोदय,



मी एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी. एकतीस वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषध खिडकीमागे उभी राहिले. या काळात तीन केंद्रे बदलली. गावात माझे नाव थोड्यांनाच ठाऊक होते. बाकी सगळ्यांसाठी मी ‘गोळ्यावाल्या बाई’. त्या खिडकीतून जे वर्षानुवर्षे पाहिले ते आपल्या कानावर घालण्यासाठी हे पत्र. ते उघडपणे लिहिते आहे, कारण यातले निम्मे काम शासनाचे आहे आणि निम्मे दमेकऱ्यांच्या घरच्यांचे.

मृग लागला की आमच्याकडे धापेचे रुग्ण वाढत. भिंतींना ओल, चुलीत भिजलेले सरपण, घरभर धूर. अशाच एका पावसाळ्यात एक बाई येऊ लागल्या. पन्नाशीच्या आसपासच्या. जन्मात कधी विडीला हात लावलेला नाही. पण बाराव्या-तेराव्या वर्षापासून चुलीपुढे बसलेल्या. केंद्राच्या तीन पायऱ्या चढून खिडकीशी आल्या की आधी गज धरून उभ्या राहत. खांदे वर-खाली होत, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जाई. चार शब्दही एका दमात बोलता येत नसत. मग केसपेपर पुढे करत. त्यावर ठरलेली औषधे असत : साल्ब्युटामॉलची चार मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा आणि थिओफिलिनच्या जातीची गोळी दोनदा. मी पुडी बांधून देई.

एकदा पुडी ठेवायला पिशवीची गाठ सोडू लागल्या, ती सुटेना. बोटे थरथरत होती. म्हणाल्या, “बाई, तुमच्या गोळीनं धाप बसती, पर काळीज लई उडतंय. रातभर डोळ्याला डोळा न्हाई.” हाताची थरथर वयामुळे आली असे त्या धरून चालल्या होत्या. ती वयामुळे आलेली नव्हती. मी महिन्यामागून महिने देत असलेल्या गोळीची ती थरथर होती.

महोदय, हा हिशेब मी आपल्यापुढे मांडते, कारण सगळ्या पत्राचा गाभा त्यात आहे. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. धाप लागली की साधारण दोन दाब घेतात, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. चार मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. एकाच औषधाची वीसपट मात्रा. पंपातले औषध थेट श्वासनलिकांवर पडते आणि पाच मिनिटांत काम सुरू करते. गोळी आधी पोटात जाते, मग यकृतातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर, आणि त्यातला थोडा अंश फुप्फुसात पोहोचतो. ज्याचा श्वास कोंडला आहे त्याला अर्धा तास थांबावे लागते. तेवढ्यात काळीज धडधडते आणि हात कापू लागतात. डोळ्याला खुपले तर आपण डोळ्यात थेंब टाकतो. छातीच्या बाबतीत मात्र पोटाचा वळसा घालायची रीत आपण चालूच ठेवली आहे.

दुसरी गोळी, थिओफिलिनची, तिची गोष्ट आणखी नाजूक. हे द्रव्य चहा-कॉफीतल्या कॅफिनचे जवळचे भावंड. गुण येण्याची मात्रा आणि अपाय होण्याची मात्रा यांच्यात फार थोडे अंतर. जास्त झाली तर मळमळ, उलटी, छातीत धडधड. फार वाढली तर झटकेही येतात. त्यात रुग्णाला जुलाब झाले आणि सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू केले, तर तीच नेहमीची गोळी रक्तात साचू लागते. मोठ्या रुग्णालयात रक्तातली पातळी मोजता येते. आमच्या केंद्रात ती सोय नव्हती. गोळी मात्र भरपूर होती.

आता दमा म्हणजे नेमके काय होते, ते साध्या शब्दांत सांगते. हे सांगितल्याशिवाय माझी मागणी नीट कळणार नाही. श्वासनलिकांभोवती स्नायूंचे बारीक पट्टे असतात. ते आवळले जातात. नळीचे आतले अस्तर सुजते. वर चिकट कफ साचतो. तिन्ही मिळून वाट अरुंद होते, मग छातीत घरघर, शिट्टीसारखा आवाज, पहाटेची ढास. साल्ब्युटामॉल यातल्या एकाच गोष्टीवर, आवळलेल्या स्नायूंवर काम करते. ते त्यांना सैल सोडते आणि चार-सहा तास आराम देते. सुजेला ते हात लावत नाही. सूज उतरवणारे औषध वेगळे : श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड, म्हणजे ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन. हा दुसरा पंप. त्याने घेतल्याबरोबर आराम पडत नाही, म्हणून रुग्णाला त्याचे महत्त्व कळत नाही. पण रोज घेतला तर काही आठवड्यांत सूज उतरते आणि पहिल्या पंपाची गरजच कमी होत जाते.

स्टिरॉइड म्हटले की माणसे दचकतात. गोळ्यांच्या रूपात वरचेवर घेतले तर दचकणे योग्यच आहे : हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, मोतीबिंदू लवकर येतो. पण दम्याचा जोराचा झटका आला की डॉक्टर प्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात. पंपातले ब्युडेसोनाइड दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, वजनाने शंभरावा हिस्सा. घेतल्यावर चूळ भरून टाकली की तोंडही सहसा येत नाही. रोजच्या या लहान मात्रेने मोठ्या मात्रेची वेळ टळते. पंपाला घाबरणारा रुग्ण पुढे वर्षातून चारदा स्टिरॉइडच्याच गोळ्या आणि इंजेक्शने घेताना मी पाहिला आहे. दरवेळी त्याला वाटे, आपण पंपापासून वाचलो.

नुसता नळी सैल करणारा पंप वापरत राहणे धोक्याचे आहे, हे जगाला फार महाग पडून कळले. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रिनालिनचे जास्त मात्रेचे पंप सर्रास मिळू लागले आणि दम्याने तरुण माणसे मरण्याचे प्रमाण एकदम वाढले. आराम पडतो म्हणून लोक दाबत राहिले, आत सूज वाढत गेली, दवाखाना गाठायला उशीर झाला. पुढे १९६९मध्ये साल्ब्युटामॉल आले, ते काळजाला कमी त्रास देणारे होते. १९७२मध्ये श्वासातून घ्यायचे बेक्लोमेथासोन आले. म्हणजे सुजेवरचा पंप जगात येऊन अर्धशतक उलटले. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ या जागतिक संस्थेने २०१९पासून स्पष्ट सांगितले आहे, की बारा वर्षांवरील कोणत्याही दमेकऱ्यावर नुसत्या साल्ब्युटामॉलवर उपचार करू नयेत; स्टिरॉइड सोबत हवेच. त्यासाठी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप उत्तम. फॉर्मोटेरॉल नळी लगेच सैल करते, ब्युडेसोनाइड सूज उतरवते. रोजच्यालाही तोच, झटक्यालाही तोच.

श्वासाची सगळीच औषधे परक्या मुलखातून आली असे मानायचेही कारण नाही. धोतऱ्याची पाने वाळवून त्यांचा धूर दम्यासाठी ओढायची रीत आपल्या देशात जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मद्रासहून इंग्रज अधिकाऱ्यांमार्फत ब्रिटनमध्ये पोहोचली. धोतरा विषारी आहे, कोणीही तसला प्रयोग करू नये. पण त्यातल्या अॅट्रोपिनच्याच वाटेने पुढे इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम तयार झाले. त्यातले टायोट्रोपियम आज चुलीच्या आणि विडीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या रुग्णांसाठी दिवसातून एकदा पंपातून देतात. आपल्या परसातला अडुळसा घ्या. त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन तयार झाले, ते आज कितीतरी खोकल्याच्या औषधांत असते. अडुळशाने कफ सुटतो हे आजीला ठाऊक होते, ते खरेच आहे. पण कफ सुटणे म्हणजे सूज उतरणे नव्हे, एवढे आजीच्या नातवंडांना कळले पाहिजे.

हा प्रश्न किती मोठा आहे, तेही सांगते. २०१८मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१६ साली भारतात दम्याचे सुमारे ३.७९ कोटी आणि सीओपीडीचे, म्हणजे धुराने फुप्फुसे खराब होण्याच्या जुनाट आजाराचे, सुमारे ५.५३ कोटी रुग्ण होते. तेव्हा जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के होता. पण श्वसनाच्या जुनाट आजारांमुळे आजारपणात आणि अकाली मृत्यूत जी वर्षे वाया गेली, त्यांत आपला वाटा ३२ टक्के. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये डॉ. संदीप साळवी यांच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशातल्या ८८० शहरांत आणि गावांत दवाखान्यांत आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद घेतली गेली. निम्म्यांहून अधिक रुग्ण श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते. माझ्या खिडकीसमोरची रांग याहून वेगळी नव्हती.

माझ्या केंद्रांची गोष्ट मी केंद्राचे नाव न घेता सांगते, कारण दोष कोणा एका डॉक्टरचा किंवा कारकुनाचा नाही. साठा नोंदवहीत साल्ब्युटामॉलच्या गोळीपुढे हजारांचे आकडे असत. साल्ब्युटामॉलचा पंप येई, तो वर्षात कधी वीस, कधी चाळीस. पावसाळ्याच्या तोंडाशीच संपे. ब्युडेसोनाइडच्या पंपापुढे मी महिन्यामागून महिने एकच शब्द लिहीत गेले : निरंक. मागणीपत्रात मागायचे, पुढच्या खेपेला इतर औषधे यायची, ती ओळ कोरीच राहायची. पंपाला जोडायच्या नळकांड्याची, म्हणजे स्पेसरची तर नोंदवहीत ओळच नव्हती. आणि ज्या औषधाचा साठा असतो तेच डॉक्टर लिहितात, हे खिडकीमागे उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. गोळी लिहिण्यामागे बहुतेक वेळा अज्ञान नव्हते, कपाट रिकामे होते.

त्या बाईंचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. तालुक्याच्या गावी एका छातीच्या डॉक्टरांनी त्यांना यंत्रात फुंकायला लावले आणि सांगितले, की दमा जुना आहे, उपचार नीट न झाल्याने नळ्या थोड्या कायमच्याच अरुंद झाल्या आहेत, पण अजून खूप सुधारणा होऊ शकते. दोन औषधांचा एकत्र पंप लिहून दिला. दोन महिन्यांनी त्या खिडकीशी आल्या तेव्हा गज न धरता उभ्या होत्या. एका दमात सांगितले, की नातीला कडेवर घेऊन देवळापर्यंत चालत गेले. मला अजून तो आवाज आठवतो. त्यानंतर तीन महिने त्या आल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा पुन्हा गज धरलेला. पंप विकत घेणे परवडले नाही. बाजारात असा पंप काहीशे रुपयांना पडतो. २०२५-२६मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ज्या घरात तेल-मीठ रोजच्या रोज आणतात, तिथे एका माणसाच्या श्वासावर दरमहा एवढे पैसे बाजूला पडत नाहीत.

१५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले, केसपेपरचे पैसेही माफ झाले. याबद्दल शासनाचे मी मनापासून आभार मानते. पण जे औषध खिडकीत नाही, ते फुकट कसे मिळणार?

खिडकीत औषध नसले की माणूस दुसरीकडे वळतो. मृगाच्या सुमारास हैदराबादला दम्याच्या ‘प्रसादा’साठी हजारो माणसे रांगा लावतात. जिवंत मरळ माशाच्या तोंडात औषधाचा गोळा घालून तो मासा गिळायचा. मराठवाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे गाडीने जातात. या औषधाने दमा बरा होतो, याला शास्त्राचा आधार नाही. तरीही त्या रांगेतल्या माणसाला हसायला माझे मन धजत नाही. तिथे त्याला काहीतरी फुकट, हातात, मानाने मिळते आणि कोणीतरी त्याच्या धापेची दखल घेते. आपल्या गावच्या केंद्रात त्याला तेवढे मिळाले असते, तर तो एवढ्या लांब गेलाच नसता.

दमा आटोक्यात आणणे हे काही स्वप्न नाही. फिनलंडने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षांची दमा मोहीम राबवली. लवकर निदान, सुरुवातीपासून श्वासातून स्टिरॉइड, आणि परिचारिका व औषध विक्रेते यांना पद्धतशीर प्रशिक्षण, एवढेच सूत्र होते. दम्यामुळे रुग्णालयात काढलेले दिवस निम्म्याहून कमी झाले. कॅनडातल्या सस्कॅच्युआन प्रांतातल्या अभ्यासात, वर्षभरात श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचा एकेक पंप वाढत गेला तसा दम्याने मरण्याचा धोका दर पंपामागे सुमारे २१ टक्क्यांनी कमी होत गेला. मी औषध मोजणारी बाई. मला या आकड्यांचा अर्थ फार सरळ दिसतो. कपाटातून बाहेर गेलेला तो प्रत्येक पंप कोणाच्या तरी आयुष्यात जमा होतो.

महोदय, माझ्या चार मागण्या आहेत. एकही अशी नाही जिच्यासाठी नवी इमारत बांधावी लागेल.

पहिली : राज्यातल्या अठराशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रांत साल्ब्युटामॉलचा पंप आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप बारा महिने मिळावेत, सीओपीडीच्या रुग्णांसाठी टायोट्रोपियमही ग्रामीण रुग्णालयापर्यंत यावे. श्वासातून घ्यायची ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. राज्यासाठी औषधे घ्यायला महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. सगळ्या राज्याची मागणी एकदम गेली की भाव खाली येतो, हे आपण लसींच्या आणि क्षयरोगाच्या औषधांच्या बाबतीत पाहिले आहे. दम्याच्या रोजच्या उपचारातून साल्ब्युटामॉलची गोळी हळूहळू कमी करत न्यावी.

दुसरी : पंपासोबत स्पेसर द्यावा. लहान मुले, म्हातारी माणसे आणि घाबरलेला कोणताही रुग्ण यांना पंप दाबणे आणि श्वास ओढणे एकदम जमत नाही. औषध जिभेवर आणि टाळूवर आदळते. स्पेसरच्या नळकांड्यात ते क्षणभर थांबते आणि श्वासाबरोबर आत जाते. विकतचा स्पेसर पुरवता येत नसेल तर दुसरा मार्ग आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला डॉ. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी अर्धा लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून स्पेसर केला आणि तो दम्याचा झटका आलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच गुण देतो, हे १९९९मध्ये दाखवून दिले. मी स्वतः अशा कितीतरी बाटल्या करून दिल्या. तार तापवून पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडायचे, पंप त्यात घट्ट बसवायचा, कडेला चिकटपट्टी लावायची, बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन न पुसता वाळवायची. पुसली की प्लास्टिकला विद्युतभार चढतो आणि औषध भिंतीला चिकटते. रात्री-अपरात्री लाइट गेली की औषधाच्या वाफेचे मशीन बंद पडते. बाटली बंद पडत नाही. मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेले साल्ब्युटामॉल मशीनइतकेच काम करते.

तिसरी : पंप हातात देण्याबरोबर तो घ्यायला शिकवणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे. माझ्या खिडकीत मी एक लहान आरसा ठेवला होता. रुग्णाला आरशासमोर पंप घ्यायला सांगायचे. तोंडातून किंवा नाकातून धुके बाहेर आलेले दिसले, की त्याला स्वतःलाच कळायचे, औषध वाया गेले. मग पुन्हा पहिल्यापासून : पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, हळू श्वास घ्यायला लागा आणि त्याच वेळी दाबा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरा, मग दुसरा. शेवटी चूळ. दहा मिनिटे लागतात. वर्षानुवर्षे पंप घेणाऱ्या कितीतरी माणसांना आयुष्यात कोणी ही दहा मिनिटे दिलेली नसतात. समुदाय आरोग्य अधिकारी, औषध निर्माण अधिकारी, आरोग्य सेविका, आशाताई, कोणीही हे शिकवू शकते.

चौथी : मोजणी. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता दमा आणि सीओपीडीही आहेत. तिशीपुढच्या माणसांसाठी आशाताई घरोघर जो तक्ता भरतात, त्यात धापेचा आणि चुलीच्या सरपणाचा प्रश्न आहे. पण उत्तर ‘होय’ आले तर पुढे काय? बीपी आणि साखरेच्या रुग्णाला दरमहा गोळी मिळते, धापेच्या रुग्णाला पुढची पायरी दिसत नाही. त्यांचीही यादी व्हावी, ग्रामीण रुग्णालयात फुंकून घेण्याची तपासणी व्हावी. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही ना, हे पाहावे. आणि औषध खिडकीत एक साधी नोंद ठेवावी : एका रुग्णाने वर्षात आराम देणारे किती पंप नेले. २०० दाबांचे तीन किंवा अधिक पंप संपले तर त्याचा दमा आटोक्यात नाही. बारा संपले तर त्याच्या जिवाला धोका आहे. ही नोंद ठेवायला संगणकही लागत नाही. खिडकीमागच्या माणसाला हे ठाऊक असले की पुरे.

आता ज्यांच्या घरात दमेकरी आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द.

नववीतली एक मुलगी माझ्याकडे यायची. पंप रुमालात गुंडाळून दप्तराच्या तळाशी, पुस्तकांखाली दडवलेला. शाळेत धाप लागली की पुस्तके उपसून काढावा लागे, म्हणून ती काढायचीच नाही. आईला विचारले तर म्हणाली, “चारचौघांत दिसलं तर उद्या सोयरीक जमायची न्हाई.” आणि हलक्या आवाजात, “पंपाची सवय लागती म्हणत्यात.” माउलींनो, बाबांनो, पंपाची सवय लागत नाही. बीपीची गोळी रोज घेतो तिला आपण सवय म्हणत नाही, उपचार म्हणतो. ज्याला साल्ब्युटामॉल पुन्हा पुन्हा लागते त्याची सूज वाढलेली असते, आणि त्याला दुसरा पंप हवा असतो. पंप हा शेवटचा उपाय नाही, दम्याचा पहिला उपाय आहे. बरे वाटले म्हणून सुजेवरचा पंप मनाने बंद करू नका. कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून. पंप घेऊनही बोलताना दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर घरी वाट पाहू नका, दवाखाना गाठा. दरम्यान स्पेसरमधून पंप चालू ठेवा. आणि मुलीचा पंप दप्तराच्या वरच्या कप्प्यात ठेवा. धापेने मैदान सोडलेल्या मुलीपेक्षा, पंप घेऊन धावणारी मुलगी कोणत्याही घराला शोभेल.

महोदय, मी निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी साठा नोंदवहीचा ताबा नव्या सहकाऱ्याकडे दिला. शेवटचे पान लिहिताना माझा हात त्या ओळीपाशी थांबला. गोळ्या भरपूर होत्या. सुजेवरचा पंप निरंक. एकतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द किती वेळा लिहिला, मोजला नाही. पण प्रत्येक वेळी तो लिहिताना खिडकीपलीकडे कोणीतरी गज धरून उभे होते.

आपण मनावर घेतले तर हे बदलायला पाच वर्षे लागणार नाहीत. राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साठा नोंदवहीत पंपाची आणि स्पेसरची ओळ उघडा, आणि त्या ओळीपुढे ‘निरंक’ हा शब्द पुन्हा कोणालाही लिहावा लागू नये, असे करा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी